पंचफुलाच्या नावानं

कचरूचं खरं नाव पत्रिकेत होतं, कुणाच्या तोंडात नव्हतं. जन्मला त्याच दिवशी त्याच्या आजीनं, गोदावरीबाईंनी, त्याला सुपात घातलं, परसातल्या उकिरड्याच्या काठावर नेऊन ठेवलं, आणि चार बायकांच्या देखत मोठ्यानं विचारलं, "कोनाचं वो हे लेकरू? कचऱ्यात काहून टाकलं?" चौघींनीही माना हलवल्या. मग त्यांनीच सूप उचललं आणि म्हणाल्या, "कोनाचंच नाही त मीच नेतो बाप्पा घरी." आल्या ते पोराचं नाव कचरू ठेवूनच आल्या. मरणानं दारात येऊन चौकशी केलीच, तर त्याला सांगायला बरं: हे काही आमचं नाही, हे उचलून आणलेलं आहे.

सत्यवती खाटेवर पडल्या पडल्या हे सगळं ऐकत होती. हसू येण्यासारखं होतं, पण तिला हसू आलं नाही. तिची पहिली मुलगी नऊ दिवस जगली होती. दुसरा मुलगा दीड महिन्याचा होऊन ऐन पौषात गेला. सकाळी अंगावर प्यायला, आणि दुपारी हात लावून पाहिला तर गार. आता हा तिसरा. सासूबाई म्हणाल्या असत्या, पोराला गोठ्यात झोपव, तर तिनं तेही केलं असतं.

सुपाइतकीच दुसरी एक गोष्ट पाळायची होती. पोर पाच वर्षांचं होईस्तोवर त्याच्या अंगावर घरचं कापड चढवायचं नाही. अंगडं, टोपडं, दुपटं, सगळं दुसऱ्याच्या दारातून मागून आणायचं. सत्यवतीच्या आईनं दिघोरीहून पाठवलेल्या कपड्यांनी एक ट्रंक भरली होती. त्यात लोकरीचे दोन स्वेटर होते, मऊ, पिवळे, हातानं विणलेले. ते त्या दुसऱ्यासाठी विणले होते. आता ते कुणाच्याच अंगावर जाणार नव्हते.

पाच दारं मागायची होती. चार गावातच झाली. चारही घरांनी हसत-हसत दिलं, वर चहा पाजला. गोदावरीबाईंना तेच खुपत होतं.

"हे मांगणं होय का वो?" त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाले मालूम, आपल्या घरी कायची कमी नाही. हसून देलं, हसून घेतलं. पाचवं असं मांग का देणाऱ्याले वाटलं पाहिजे, ह्या बाईजवळ खरंच काही नाही. तू कोन, कोनाची, हे त्याले कधी मालूम पडलं नाही पाहिजे. मालूम पडलं का मांगणं मोडलं. मग मले नको विचारू."

त्र्याहत्तर सालची ती थंडी. जवळच्या नागझिऱ्याच्या जंगलाकडून वारा यायचा, आणि सकाळी तलावावर असा धूर दिसायचा की पाणीच पेटलं आहे. कचरू पाच महिन्यांचा होता. मागून आणलेली चारही अंगडी सुती होती. रात्री सत्यवती त्याला पोटाशी धरून झोपायची आणि त्याच्या तळव्यांवर फुंकर घालायची. त्याच्या टाचा तिच्या अंगठ्याएवढ्या होत्या.

गावापासून तीन मैलांवर, साकोलीच्या सडकेला मिशनचा दवाखाना होता. तिथल्या सिस्टर बड्या दिवसाच्या आदल्या दिवशी गोरगरिबांच्या लेकरांना गरम कपडे वाटायच्या. नागपूरहून गाठोडी यायची. नाताळ हा शब्द गावात कुणी वापरायचं नाही. बडा दिन म्हटलं की कळायचं. गोदावरीबाईंनी सगळं ठरवून टाकलं.

"अनोळखी दार, अनोळखी देव. याहून बरं पाचवं दार कोनतं भेटते? पायी जाजो. पायात काही घालू नको. आन आंगावरचं लुगडंही दुसरीचंच पाहिजे."

लुगडं पंचफुलाचं आणलं. पंचफुला त्यांच्याकडे धानाच्या रोवणीपासून चुरण्यापर्यंत, म्हणजे मळणीपर्यंत, कामाला असायची. नवरा भंडाऱ्याकडे वीटभट्टीवर, घरी सात महिन्यांची मुलगी, देवका. पंचफुलाकडे लुगडी दोन. त्यातलं निळ्या चौकड्यांचं, पदराला लाल ठिगळ असलेलं, तिनं आणून दिलं.

"देवाचं काम आहे म्हनते मोठ्या बाई," ती सत्यवतीला म्हणाली. "मंग घेऊन जा न बाई. ठिगळ समोर नका येऊ देऊ, माही इज्जत जाईन." आणि आपल्याच बोलण्यावर खळखळून हसली.

सोमवारी सकाळी सत्यवतीनं गळ्यातली पोत तेवढी ठेवली, बाकी सगळं उतरवलं. पदर नाकापर्यंत ओढला आणि कचरूला त्याच पदरात गुंडाळून निघाली. धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं दव पायांना सुईसारखं टोचत होतं.

दवाखान्याच्या फाटकावर बांबूच्या कामट्यांची, रंगीत कागदाची चांदणी टांगलेली होती. आत व्हरांड्यात तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, एक गोठा केला होता. त्यात मातीची गाय, मातीची मेंढरं, आणि मधोमध तणसावर एक उघडं लेकरू. अंगावर लंगोटीपुरतं फडकं. एवढ्या थंडीत यांनी आपल्या देवाला असं उघडं का ठेवलं असेल? तिनं नकळत कचरूवरचा पदर आणखी घट्ट केला.

रांगेत पन्नास-साठ बायका होत्या. आपल्या गावच्याही चार-दोन असतील म्हणून तिनं मान वर केलीच नाही. टेबलाशी चष्मेवाली सिस्टर बसली होती. सणासाठी नागपूरहून आलेली, इकडच्या कुणाला न ओळखणारी. शेजारच्या खोलीत चहाचं आधण ठेवून आयाबाई, उषाबाई, कुणावर तरी ओरडत होत्या. उषाबाई इकडच्याच, आजूबाजूच्या गावांतल्या निम्म्या बायका त्यांना चेहऱ्यानं ठाऊक. त्या बाहेर आल्या नाहीत, हे सत्यवतीला तेव्हा नशीब वाटलं.

"नाव?" सिस्टरनं विचारलं.

याचा विचारच कुणी केला नव्हता. गोदावरीबाईंनीही नाही. भिकेला नाव लागतं हे त्या घरात कुणाला ठाऊक असणार?

मागच्या बाईनं ढोसलं. अंगावर निळं लुगडं होतं, तंबाखूचा आणि धुराचा वास येणारं. तोंडातून आपसूक निघालं, "पंचफुला."

"गाव?"

गाव तिनं खरंच सांगितलं. दुसऱ्या कुठल्या गावाचं नाव त्या क्षणी सुचलं नाही.

"मुलं किती?"

"एकच."

सिस्टरनं लिहिलं, आणि मग मान वर करून तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. ओल्या मातीनं भरलेले, टाचेला काटा लागून रक्त आलेले. ती उठली, गाठोड्यात खोल हात घातला, आणि वरचे चार स्वेटर बाजूला सारून तळाचा एक काढला. हिरवा, जाड, पांढऱ्या गुंड्यांचा. तो तिनं स्वतःच्या हातानं कचरूला घातला. एकेक बोट हलकेच बाहीतून ओढून घेतलं. मग सत्यवतीच्या डोक्यावर हात ठेवून मोडक्या हिंदीत म्हणाली, "बहुत ठंड है. बच्चे को संभालो. ईश्वर तुम्हारे साथ है."

सत्यवती रडली. सिस्टरला वाटलं, गरीब बिचारी उपकारानं रडते आहे.

---

त्याच दुपारी दवाखान्यात काय झालं ते सत्यवतीला दुसऱ्या दिवशी, बड्या दिवशीच कळलं. त्यांच्या खळ्यावर चुरणं चालू होतं. पातीचे बैल गोल फिरत होते. बायका सूप घेऊन पाखडायला बसल्या होत्या. सत्यवती कचरूला घेऊन शिदोरी पोचवायला गेली. कचरू हिरव्या स्वेटरात गुबगुबीत दिसत होता, आणि कित्येक दिवसांनी त्याचे गाल गरम होते. स्वेटर कुठून आला, असं कुणी विचारलंच नाही. मागितलेल्या कपड्याचं दार विचारू नये, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"डबलवाली आली का वो आज?" चंद्रभागाबाई म्हणाली. चंद्रभागाबाई जिभेची तिखट. तिच्या शेजारी बसून पाखडायला कुणी राजी नसे.

बायका फिसकन हसल्या. पंचफुला पलीकडे पाठ करून बसली होती. देवका बाजूला तणसाच्या ढिगात, अंगावर धोतराचा फाटका तुकडा. तिला खोकला झाला होता.

"काय झालं?" सत्यवतीनं विचारलं.

"तुमाले नाही मालूम बाई?" चंद्रभागाबाईनं सूप खाली ठेवलं. सांगायला दोन्ही हात मोकळे पाहिजेत असं ते होतं. "काल ही तुमच्या इथलं काम आटोपून दुपारी मिशनात गेली. रांगेत मी हिच्या मांगंच. टेबलावर नाव सांगतलं, त सिस्टर म्हन्ते, तुमारा हो गया. ही म्हन्ते, नाही झालं. सिस्टरनं कागद दाखोला. पंचफुला, गाव हेच, लेकरू एक. मंग उषाबाई आली भायेर. काय बोलली वो ती! म्हने, तुले दर सोमवारी दूध देतो, तुह्या पोरीले मी काखेत घेऊन वजन करतो, आन तू आमालेच दोनदा लुटतं? दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडचं घेतं? साऱ्याइच्या समोर! रांगेतून काढलं हिले."

"मी नव्हती गेली सकाळी," पंचफुला पाठमोरीच म्हणाली. आवाज काही फार मोठा नव्हता.

"आता खोटं कायले बोलतं वं?" चंद्रभागाबाई पेटली. "भय्याजीची सून सकाळी होती रांगेत. तिनं डोळ्यानं तुहं लुगडं पाह्यलं. निळं, चौकडीचं. पदराले लाल ठिगळ. का तेही दुसऱ्याचं होतं?"

सत्यवतीच्या हातातलं शिदोरीचं टोपलं जड झालं. तेवढ्यात पंचफुला वळली. तिनं आधी चंद्रभागाबाईकडे पाहिलं, मग सत्यवतीकडे. सत्यवतीच्या तोंडाकडे नाही. तिच्या कडेवर, हिरव्या स्वेटरातल्या कचरूकडे. बैल एक फेरा घेऊन पुढं गेले, इतका वेळ ती पाहत राहिली. तिला सगळं कळलं. आणि तिला कळलं हे सत्यवतीला कळलं.

आता ही बोलणार, सत्यवतीला वाटलं. बोलू दे. बोलून टाक बाई.

पंचफुलानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "असंन," ती म्हणाली. "गेली असंन मी. थंडीनं डोकं ठिकानावर नव्हतं."

"पाह्यलं?" चंद्रभागाबाई विजयानं म्हणाली. "आलं न तोंडून!"

भुसा उडाला. सगळ्या हसल्या. पंचफुला खाली मान घालून पाखडत राहिली, आणि देवका खोकली.

सत्यवती टोपलं ठेवून घरी आली. स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून तिनं कचरूला पाजायला घेतलं, आणि तो पीत असताना तिला असं वाटलं की आपण याला जे पाजतो आहोत ते आपलं नाहीच. पंचफुलाला चालीरीत ठाऊक होती. देणाऱ्याला कळलं की मागणं मोडतं, हे तिला गोदावरीबाईंइतकंच पक्कं ठाऊक होतं. सिस्टरच्या कानापर्यंत गोष्ट जाऊ नये म्हणून ती चोर व्हायला तयार झाली होती. स्वतःच्या लेकरासाठी नाही. याच्यासाठी.

---

तिनं नवऱ्याला सांगितलं. ताराचंद वाईट माणूस नव्हता. सगळं ऐकून घेतलं, पण पोराच्या पाळण्याची दोरी काही हातातून सोडली नाही.

"तू आता तिथं जाऊन सांगशीन, आन याले काही झालं त?"

"पन तिचं नाव..."

"नाव उद्या लोक विसरते, सत्ये. आपन दोन पुरले." त्यानं दोरीला एक झोका दिला. मग म्हणाला, "तिले धान जास्त घाल. एक कुडो घाल, दोन घाल. मी काही म्हनत नाही."

तिनं घातलं. संध्याकाळी मजुरीचं धान मोजून देताना पंचफुलाच्या टोपल्यात वरून आणखी ओतलं. पंचफुलानं टोपल्याकडे पाहिलं, वरचं धान दोन्ही हातांनी परत राशीवर सारलं, आणि म्हणाली, "हे कायचं बाई? मजुरी त झाली." रागानं नाही, कुणाचं चुकून आपल्याकडे आलेलं परत द्यावं, तसं.

मग सत्यवतीनं ट्रंक उघडली. पिवळा स्वेटर काढला, पदराखाली लपवून पंचफुलाच्या झोपडीपर्यंत नेला, आणि दारातूनच परत आली. काय देणार होती ती? पौषात गेलेल्या पोरासाठी विणलेलं, त्याच्या अंगावरून काढलेलं? पंचफुलानं तो हातात तरी धरला असता का? आणि आपण तरी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो, घाल तुझ्या देवकाला? भरल्या ट्रंकेतलं एकही कापड कुणाला देण्याजोगं नव्हतं.

गावात 'डबलवाली' नाव पक्कं झालं. विहिरीवर पोरी म्हणायच्या, "डबलवाली आली, दोन बादल्या भरू द्या वो तिले." पंचफुला पहिल्यासारखी उलटून बोलत नसे. आणि मिशनात दर सोमवारी मिळायचं ते देवकाचं दूध? सत्यवतीनं विषय काढला तर ती म्हणाली, "आता तिथं कोनतं तोंड घेऊन जाऊ? उषाबाईले मी मावशी म्हनत होती."

देवका सात महिन्यांची होती, पण हातात घेतली तर चार महिन्यांच्या लेकरासारखी हलकी लागायची. सत्यवतीला ठाऊक होतं, कारण एकदा, पंचफुला बांधीत, धानाच्या शेतात, गेलेली असताना, तिनं तिला उचलून घेतलं होतं. पोरीनं तोंड फिरवून तिच्या चोळीत नाक खुपसलं. सत्यवतीनं इकडं-तिकडं पाहिलं आणि तिला पाजलं. पोरगी अशी प्यायली की सत्यवतीला खाली बसावं लागलं. मग ढेकर काढून, तोंड पुसून, परत तणसात ठेवली, आणि चोरी केल्यासारखी तिथून निघाली. हेही तिनं कुणाला सांगितलं नाही. भरपाई म्हणून ते फार थोडं होतं, आणि तेही तिनं लपूनच केलं होतं.

आठवा दिवस पुन्हा सोमवार होता. दुधाचा दिवस. सकाळी पंचफुला वेळेवर खळ्यावर आली, आणि सडकेकडे पाठ करून बसली. ते पाहिलं आणि सत्यवतीनं घरात येऊन पायात चपला घातल्या. अंगावर स्वतःचं जरीकाठी लुगडं, हातात पाटल्या, नाकात नथनी. कचरूला हिरव्या स्वेटरात उचललं.

"कुठं चालली वो?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"मिशनात."

गोदावरीबाईंच्या हातातलं जातं थांबलं. त्यांना लगेच समजलं. त्या ओरडल्या नाहीत. उठून दारात आल्या आणि नातवाच्या पायाला धरलं, नुसता एक पाय, मुठीत.

"नको वो पोरी," त्या म्हणाल्या. "तुह्या पाया पडतो. दोन मीच आंघोळ घालून पाठोले. तिसरा नाही पाठवत मी."

सत्यवतीनं सासूची बोटं एकेक करून सोडवली. सिस्टरनं बाहीतून बोटं काढली होती, तशी. आणि निघाली. तीन मैल ती चालली, आणि दर शेताच्या धुऱ्यावर थांबून त्याचं कपाळ पाहत गेली.

दुधाच्या रांगेत वीसेक बायका होत्या. नागपूरची सिस्टर परत गेली होती. पिठासारखं दूध उषाबाई मापानं घालत होत्या. सत्यवती रांगेत उभी राहिली नाही. सरळ टेबलापाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, कारण हळू म्हणायला गेली असती तर म्हणताच आलं नसतं.

"मावशी, त्या दिवशी सकाळी पंचफुला नव्हती आली. मी आली होती. तिचं लुगडं नेसून. नाव मी तिचं सांगतलं."

उषाबाईंनी माप थांबवलं. पाटल्यांकडे पाहिलं, नथनीकडे पाहिलं, मग स्वेटराकडे.

"तू कोनाची वो?"

"पुंडलिकरावाची सून."

"अन तुले मिशनचं स्वेटर काहून लागते?"

"माहे दोन गेले, मावशी. मांगून घालाचं होतं."

उषाबाई इकडच्याच होत्या. त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्यांचं तोंड आधी लाल झालं, मग उतरलं. "अवो बाई," त्या म्हणाल्या, "मी तिले लुटारू म्हनलं. एवढ्या बायांसमोर. माह्या तोंडानं." आणि मग, खालच्या आवाजात: "आता सांगतलं तू. म्हनजे मोडलं न तुहं मांगणं?"

"हो."

"मंग कायले सांगतलं?"

सत्यवतीनं कचरूच्या स्वेटराची वरची गुंडी लावली.

उषाबाईंनी माप दुसरीच्या हातात दिलं, एक भरलेला डबा काखेत मारला आणि म्हणाल्या, "चाल."

---

खळ्यावर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. गोदावरीबाई तिथंच येऊन बसल्या होत्या, डोक्याला हात लावून. उषाबाई मधोमध उभ्या राहिल्या, बैल थांबवायला लावले, आणि बाजारात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "आयका वो बायानो. ह्या पंचफुलानं दोनदा नाही घेतलं. एकदाही नाही घेतलं. मी हिले नाही ते बोलली, चुकी माही आहे. घे वो पोरी, हे दूध तुह्या देवकाचं. आन पुढच्या सोमवारी नाही आली, त मी इथं येऊन तुले धरून नेईन."

"मंग सकाळी कोन होतं?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"मी होती," सत्यवती म्हणाली.

कुणी हसलं नाही. चंद्रभागाबाईनं एकदा सत्यवतीकडे, एकदा पोराकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. तिलाही मुलं होती.

सत्यवती पंचफुलाकडे पाहत होती. सारं अंग मोकळं झालं होतं. आठ दिवसांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेता येत होता. आता ही हसेल, किंवा रडेल, किंवा निदान म्हणेल, जाऊ द्या बाई.

पंचफुलानं डबा घेतला नाही. ती उठली. ओठ थरथरत होते, आणि तो राग आहे हे सत्यवतीला समजायला जरा वेळ लागला.

"काहून सांगतलं तुमी?"

"तुहं नाव..."

"माह्या नावाले काय झालं होतं? माह्या नावानं म्या काय करून राह्यली होती, तुमाले मालूम नव्हतं?" तिचा आवाज फाटला. "आठ दिवस शिव्या खाल्ल्या म्या. विहिरीवर पाय उचलत नव्हता. पोरीचं दूध गेलं. कोनासाठी? त्याच्यासाठी न? म्हनलं, माही चार दिवस थू थू होईन, पन बाईचं हे तरी वाचंन. आन तुमी जाऊन सांगून आल्या! तुमाले जड झालं म्हनून?"

सत्यवतीला वाटलं, जमीन दुभंगावी. पंचफुलानं तिला नेमकं तेच विचारलं होतं, जे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. ती देवकाच्या दुधासाठी गेली होती, पंचफुलाच्या नावासाठी गेली होती, हे खरं. पण जीव जड झाला होता हेही खरं. तो हलका व्हावा म्हणून तिनं पंचफुलाचं आठ दिवसांचं दान एका वाक्यात मोडून टाकलं होतं, तिला न विचारता. जसं तिचं नाव घेताना विचारलं नव्हतं.

"पंचफुला," एवढंच ती म्हणू शकली.

"जाऊ द्या," पंचफुला म्हणाली. पण ते 'जाऊ द्या' सत्यवतीला हवं होतं ते नव्हतं. मग ती उषाबाईंकडे वळली, डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला. "ताजं आहे न, मावशी? मागच्या खेपी त्यात किडे निंघाले होते."

"ताजं आहे वो," उषाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

बैल पुन्हा चालू झाले.

संध्याकाळी काम सुटलं. मजुरीचं टोपलं डोक्यावर, देवका कडेवर, अशी पंचफुला घराकडे निघाली. तिची वाट पुंडलिकरावांच्या दारावरूनच होती. एरवी ती सरळ जायची. आज ओसरीसमोर थांबली. सत्यवती कचरूला घेऊन पायरीवर बसली होती. दुपारपासून तिनं त्याला खाली ठेवलंच नव्हतं.

"आंग गरम त नाही न त्याचं?" पंचफुलानं विचारलं. चेहऱ्यावर राग तसाच होता.

"नाही."

"प्याला?"

"प्याला."

पंचफुलानं टोपलं एका हातानं सावरलं, पुढं येऊन हाताची पालथी बोटं कचरूच्या मानेला लावली, जराशी जास्तच वेळ. मग चालती झाली.

दुसऱ्या दिवशीही थांबली. तिसऱ्याही. चुरणं संपलं, खळं झाडून झालं, पंचफुला दुसऱ्यांच्या लाखोरीच्या डाळीच्या शेतात कामाला जाऊ लागली, तरी संध्याकाळी वाकडी वाट करून यायची. सत्यवतीशी इकडचं-तिकडचं एक अक्षर बोलत नसे. देवका सोमवारच्या दुधावर हळूहळू अंग धरू लागली होती, आणि आईच्या कडेवरून कचरूचे केस ओढायची. पौष अर्ध्यावर आला. रोज तोच प्रश्न, आंग गरम त नाही न. रोज सत्यवती दिवस कलताच पायरीवर येऊन बसायची. दुरून ते निळं लुगडं दिसलं की उठून उभी राहायची, आणि विचारायच्या आधीच मान हलवून सांगायची, नाही.